भोंगा चढवायचा कसा

परळच्या एका लहान सभागृहातला भर पावसाळ्यातला प्रयोग. गोष्ट गिरणगावाची, पण निवेदन नाही: दोन टर्नटेबल (डेक), मिक्सर आणि रेकॉर्डी. वाजवणारी मुलगी मुरलेली, साउंड माझ्याकडे.

दुपारी पहिली अडचण नेहमीचीच. स्टेज लाकडी आणि सबवूफर (खर्जाचे स्पीकर) त्यावरच. सुई थरथर टिपते. सबची थरथर फळ्यांतून टेबलात, टेबलातून सुईत आणि तिथून परत सबमध्ये. फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) उघडला की हूऽऽ. सब खाली फरशीवर उतरवले. प्रत्येक डेकखाली कडप्प्याची लादी आणि तिच्याखाली चार अर्धे कापलेले टेनिसचे चेंडू दिले. वर ४० हर्ट्‌झखाली कट. घुमणं थांबलं, बारीक घरघर राहिली. ती अर्थच्या तारेची. मिक्सरमागचा स्क्रू नीट आवळला की जाते.

मग मुंबईची हवा. ओलसर झालेला स्लिपमॅट (रेकॉर्डखालची कापडी चकती) थाळीला चिकटतो आणि रेकॉर्ड मागे ओढताना थाळीही अडते. रेकॉर्डच्या आतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून गोल कापून मॅटखाली सरकवला. सुईवर साडेतीन ग्रॅम वजन, अँटीस्केट (सुईला बाहेर ओढणारा ताण) शून्यावर. स्क्रॅचमध्ये, म्हणजे हाताने पुढेमागे करताना, रेकॉर्ड उलटीही फिरते आणि तेव्हा अँटीस्केट सुईला आणखी बाहेर ढकलतो.

गिरणीच्या भोंग्यासाठी तिने टेस्ट रेकॉर्डवरचा ३०० हर्ट्‌झचा सलग सूर निवडला होता. दोन्ही डेकवर तोच. एकाची पिच (फिरण्याचा वेग) दोन टक्के खाली, म्हणजे २९४. दोन सूर भिडले की सेकंदाला सहा हेलकावे बसतात आणि सपाट सूर घोगरा होतो. मग मिनिटाला ३३ फेऱ्यांवरून ४५ चं बटण: सूर षड्जावरून शुद्ध मध्यमाच्या किंचित वर जातो. तालमीत ती बटण दाबत होती, तेवढ्यात दाराशी बसणारे काका आत आले. साचा खात्यात, म्हणजे मागांवर, काम केलेला माणूस.

"अगो बाय, भोंगा असा टणकन चढत नाय. आधी वाफ भरते."

"काका, चढायला किती वेळ लागायचा?"

त्यांनी तोंडानेच वाजवून दाखवला. चांगले पाच-सहा सेकंद.

डायरेक्ट ड्राइव्हची, म्हणजे थेट थाळीला जोडलेली, मोटर क्षणात वेग धरते, ही त्या मशीनची ताकद इथे आडवी आली. उपाय बोटात निघाला. ४५ दाबायचं, पण थाळीच्या ठिपक्यांच्या कडेला बोट टेकवून तिला अडवायचं आणि दाब हळूहळू सोडायचा. दाब रेकॉर्डवर दिला तर ती मॅटवर घसरते आणि सूर गचके खातो. कडेवर मोटर आणि बोट थेट झुंजतात, सूर सलग चढतो. घामट बोट अडखळतं, म्हणून पावडर.

साच्यांची खटखट तबल्याच्या एकाच 'ना'वर. तो जिथे आहे तिथे लेबलवर बाराच्या जागी टेप. रेकॉर्ड पुढे ढकलताना फेडर बंद करत न्यायचा, ओढताना उघडत, म्हणजे चर्प नावाचा स्क्रॅच. धोट्याच्या फेऱ्या. मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीत ३३ वर एका फेरीत तीन ठोके बसतात, म्हणून चार ठोक्यांचा तुकडा परत घ्यायला सव्वा फेरी कमी पडते. एक पूर्ण आणि एक तृतीयांश मागे. टेप नसेल तर अंधारात हे जमणं कठीण.

१८ जानेवारी १९८२ चा संप तिने स्टॉपच्या बटणाने दाखवला. ब्रेक लागतो, साचे जागीच मरतात. गिरण्या बंद पडल्या तिथे मात्र पॉवरची कळ फिरवली. मोटर सुटली, ब्रेक नाही. थाळी नुसत्या जडपणावर फिरत राहते आणि सूर घसरत, लोंबत खाली येतो. शेवटच्या फेऱ्यांत तो इतका खाली जातो की सबचा पडदा फडफडू शकतो. आधीचा ४० चा कट इथे कामाला आला.

प्रयोगानंतर काकांची तक्रार एकच: पाळ्या तीन आणि भोंगा तुम्ही एकदाच वाजवला.