चिखलातली बंडी अन् कापसाची बंडी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे म्हणून ग्रुपवर चार वेळा मेसेज आला. खरं सांगतो, मला शाळा म्हटलं की स्नेहसंमेलन, कवायत वगैरे नाही आठवत, आठवतो तो 2004 मधला बारावीचा फिजिक्सचा तास अन् सरांचा फसलेला प्रयोग.

धडा इंडक्शनचा, म्हणजे चुंबकाच्या क्षेत्रात धातू सरकला की त्यात व्होल्टेज तयार होतं. दोन समांतर रूळ, त्यावर सरकणारा दांडा. सरांनी सुरुवात केली आपल्या शकुंतलेपासून, यवतमाळ-मूर्तिजापूरवाली छोटी आगगाडी, कारण आमच्यातले अर्धे तिच्यात विनातिकीट बसलेले. रुळांत अंतर 762 मिलिमीटर, स्पीड धरा ताशी 20 किलोमीटर, पृथ्वीच्या चुंबकत्वाचा उभा भाग आपल्याकडे साधारण 20 मायक्रोटेस्ला (टेस्ला म्हणजे चुंबकक्षेत्र मोजायचं माप), तर चाकांच्या आसाच्या दोन टोकांत व्होल्टेज किती? मिलिव्होल्टचा दहावा भागही भरला नाही. मागून आवाज आला, "सर, याच्यावर तं टॉर्चबी नाही लागत."

मग सरांनी विचारलं, रुळांना रेझिस्टन्सऐवजी कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारा, जोडला तर? मी हात वर करून मोकळा, की कपॅसिटर म्हणजे तुटलेली वायरच, दांड्याला अडवतो तो त्यातला करंट, करंटच नाही तर अडवणार कोण. सर म्हणाले अर्धं बरोबर. दांड्याचा वेग वाढतो तोवर व्होल्टेज वाढतं, तोवर कपॅसिटरमध्ये चार्ज भरत राहतो, अन् चार्ज भरणं म्हणजेच करंट, वेग स्थिर झाला की करंट बंद. म्हणजे अडवणूक वेगाला नाही, वेग बदलण्याला आहे, अन् हे काम तर वस्तुमानाचं!

"चिखलातली बैलबंडी पाह्यली न बापू? ओढणं सोडलं की जागीच. तो रेझिस्टन्स, मेहनत सगळी उष्णतेत गेली. अन् कापसानं भरलेली बंडी डांबरी रोडवर? हलवाले जड, पण एकदा लागली की थांबवता थांबत नाही. तो कपॅसिटर."

कपॅसिटरमधली एनर्जी निम्मं सी (कपॅसिटन्स, किती चार्ज मावतो ते) गुणिले व्होल्टेजचा वर्ग, व्होल्टेज म्हणजे बी एल व्ही (चुंबकक्षेत्र, दांड्याची लांबी अन् वेग यांचा गुणाकार), म्हणून ती पण वेगाच्या वर्गाप्रमाणेच वाढते, हुबेहूब गतिज ऊर्जा. दांड्याच्या वजनात बी वर्ग एल वर्ग सी एवढी भर पडल्यासारखी. कपॅसिटर नसला तरी दांड्याच्या दोन टोकांना चार्ज जमतोच, पण तिथे कपॅसिटन्स 10 पिकोफॅरड (फॅरड हे तिचं माप) धरली तर 1 मीटरच्या दांड्यासाठी 1 टेस्लामध्येसुद्धा भर 10 नॅनोग्रॅमची. धूळ समजा.

प्रयोगासाठी सरांनी जुन्या स्पीकरचे चुंबक आणले अन् दांडा म्हणून सायकलचा स्पोक ठेवला, तो खटकन् चुंबकालाच चिकटला. लोखंडच ते! वर्ग हसून लोटपोट. मग रिवाइंडिंगवाल्याकडून तांब्याची जाड तार आणली, 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, पण फरक काहीच दिसेना. सरांनी तिथेच हिशोब केला, 0.1 टेस्ला, 10 सेंटिमीटर, म्हणजे वजन वाढलं 0.1 मिलिग्रॅम. "दिसन कसं?" म्हणाले, अन् स्वतःच हसले. 1 टेस्ला, 1 मीटर, 1 फॅरड असतं तर बरोब्बर 1 किलो वाढलं असतं, पण तेव्हा 1 फॅरडचा कपॅसिटर आमच्यापैकी कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

आता माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मागच्या दिवाळीत ऑनलाइन एक सुपरकपॅसिटर मागवला, 1 फॅरडचा, बोटाच्या पेराएवढा, अन् घेऊन गेलो सरांकडे. रिटायर झालेत, ओट्यावर तूर निवडत बसले होते. चष्मा वर करून उलटापालटा पाहिला.

"फॅरड आणला," म्हणाले, "अन् टेस्ला कायले घरी ठेवला?"