तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पृथ्वीचं काय झालं

नाही. ती पृथ्वी नाही. हरवली नाही, कोणी पळवली नाही, पैसे संपले म्हणून शोध थांबला असंही नाही. ती नव्हतीच.

कराडला गेले की स्टँडवरून घरी पोचेपर्यंत एखादा तरी विचारतोच, "ताई, त्या तुमच्या पृथ्वीचं काय झालं?" लग्नात अक्षता वाटता वाटता विचारतात. एका दातांच्या डॉक्टरांनी तर माझ्या तोंडात आरसा असताना विचारलं. इतकी वर्षं मी "चाललंय काम" एवढंच म्हणत आलेय. आता एकदाच नीट सांगते, म्हणजे पुढच्या लग्नात मला जेवू द्याल.

ज्यांना बातमी आठवत नसेल त्यांच्यासाठी: २०१२ साल, तीन कॉलम, 'कराडच्या कन्येने शोधली दुसरी पृथ्वी'. फोटो दहावीच्या सत्काराचा, अंगावर शाल, हातात नारळ. मी तेव्हा युरोपात पीएचडी करत होते, पण मामाकडे तेवढाच फोटो होता. बातमी मामाने दिली हे सगळ्यांना माहीत आहे. मामाला मी सांगितलं होतं, हे मात्र मी दर वेळी गाळते.

काय सांगितलं होतं? एक तांबडा, सूर्याच्या निम्म्याहून हलका तारा. ग्रह दिसत नसतो. दिसतो तारा, आणि ग्रहाच्या ओढीने तो किंचित डुलतो. पृथ्वी सूर्याला डुलवते ती सेकंदाला जेमतेम ९ सेंटिमीटर. तेवढं मोजणारं यंत्र तेव्हा कोणाकडेच नव्हतं. म्हणून आम्ही लहान ताऱ्यांच्या मागे. तारा हलका असला की डुलणं मोठं, आणि ऊब जवळच, म्हणून तिथल्या ग्रहाचं वर्षही काही आठवड्यांचं. तीन हंगामांची ७४ निरीक्षणं माझ्याकडे होती. डुलणं किती दिवसांनी परत परत येतं ते दाखवणारा आलेख एका रात्री काढला, आणि ३८ दिवसांवर एकच सुळका उभा राहिला. बाकी सगळं गवत. डुलणं सेकंदाला दोन मीटर. गणित मांडलं: पृथ्वीच्या किमान सहापट वस्तुमान, आणि ताऱ्यापासून अंतर असं की पाणी असलंच तर ते पाणीच राहावं.

'किमान सहापट' मी मामाला सांगितलं होतं. छापून आलं नाही. 'कदाचित' तर तीनदा म्हटलं होतं. नंतर भांडले तेव्हा मामा म्हणाला, "अगं, कदाचितची कधी बातमी होते का?"

त्या फोननंतर अकराव्या दिवशी आमच्या ग्रुपची बैठक होती. मी आलेख दाखवला. गाइडनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एकच विचारलं: हा तारा स्वतःभोवती किती दिवसांत फिरतो? मी म्हणाले, माहीत नाही. हे खोटं नव्हतं. पण माहीत करून घ्यायची सोय माझ्याच लॅपटॉपवर होती. त्याच ७४ वर्णपटांतून, म्हणजे रंगांत फाकवलेल्या उजेडातून, हायड्रोजनच्या रेषेची तीव्रता मी कधीच काढून ठेवली होती, फक्त तिचा आलेख काढला नव्हता. फोल्डरचं नाव 'नंतर'. गाइड म्हणाले, आत्ताच काढ. सगळ्यांसमोर, प्रोजेक्टरवर. शेजारच्या मुलाने ती देवनागरी अक्षरं पाहून विचारलं, याचा अर्थ काय? मी सांगितला नाही.

रेषा ७६ दिवसांनी वरखाली होत होती, म्हणजे ताऱ्याची स्वतःभोवतीची फेरी ७६ दिवसांची. ७६ चे निम्मे ३८.

कोणी हसलं नाही. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. सूर्यासारखे डाग त्या ताऱ्यांवरही असतात. तारा फिरत असताना त्याची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी लांब जात असते. डागाने एका कडेचा उजेड झाकला की अख्खा तारा डुलल्याचा भास होतो. डागांचे दोन पुंजके समोरासमोर असले की एका फेरीत दोनदा. माझी पृथ्वी म्हणजे ते दोन पुंजके. गाइडनी बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला आणि पुढच्याला बोलायला सांगितलं. मी बिस्कीट घेतलं. दालचिनीचं होतं. तेव्हापासून मला दालचिनी चालत नाही. हसायचं असेल तर हसा.

संध्याकाळी घरी फोन केला. बातमी आदल्या रविवारीच आली होती आणि आईचे पेढे वाटून झाले होते.

आता माझी बाजू. मी शोधनिबंध छापला नव्हता. कोणाचा पैसा बुडाला नाही. आणि असं काय फक्त माझंच झालं? ग्लीझ ५८१ या ताऱ्याभोवती २०१० मध्ये एक ग्रह जाहीर झाला, तिथे जीव असण्याची शक्यता माझ्या मते शंभर टक्के, असं शोधकांपैकी एक जण बोलून गेले. २०१४ मध्ये दुसऱ्यांनी दाखवलं की तो तारा स्वतःभोवती सुमारे १३० दिवसांत फिरतो. तो ग्रह पुढच्या हिशोबात सुमारे ३३ दिवसांचा होता, त्याआधीचा त्याचा एक भाऊ ६६ दिवसांचा. पाव आणि अर्धा. ते वाचून मला जे वाटलं त्याला आनंद म्हणायची लाज वाटते.

पण मग खगोलशास्त्रज्ञ अँड्र्यू लाइन आठवतात आणि माझी बाजू लंगडी पडते. त्यांनी १९९१ मध्ये एका पल्सारभोवती, म्हणजे गरगर फिरत रेडिओचे ठोके देणाऱ्या मेलेल्या ताऱ्याभोवती, सहा महिन्यांचा ग्रह जाहीर केला होता. पुढे कळलं की आपल्याच पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्याचा हिशोब नीट वजा झाला नव्हता. जानेवारी १९९२ मध्ये अटलांटाच्या भर सभेत त्यांनी स्वतः उभं राहून ते सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच सभेत वोल्शचान या दुसऱ्या शास्त्रज्ञांनी दुसऱ्या एका पल्सारभोवतीचे दोन ग्रह मांडले, आणि ते खरे निघाले.

मी साधा खुलासासुद्धा पाठवला नाही. चार ओळी लागल्या असत्या.

२०१२ मधली ती मुलगी म्हणते, चुकणं हा कामाचाच भाग आहे. मी म्हणते, मग फोल्डरचं नाव 'नंतर' का? ती म्हणते, रात्रीचे दोन वाजले होते, प्रत्येकाकडे असा एक फोल्डर असतो. तेही खरं आहे. तिला आतून माहीत होतं असं मी पूर्वी ठामपणे म्हणायचे, आता म्हणवत नाही. कदाचित मला ती आहे त्यापेक्षा लबाड हवी आहे. आमचं मिटलेलं नाही.

आणि हो, मला कोणी काढून टाकलं नाही. माझा प्रबंध शेवटी डागांवरच झाला, तो चांगला आहे, वाचणारे कमी आहेत. परत आले ती आईच्या गुडघ्यांसाठी. पुण्यात शिकवते.

दुसरा प्रश्न ठरलेला: मग तिकडे कोणी आहे का नाही? सहा हजारांवर ग्रह सापडलेत. पण सूर्यासारखा तारा, पृथ्वीएवढा खडकाळ ग्रह, वर्षभराची फेरी आणि ज्याची हवा आपण तपासली आहे, असा एकही नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये के२-१८बी ची बातमी तुमच्यापैकी अकरा जणांनी मला पाठवली. १२४ प्रकाशवर्षांवरचा ग्रह, आणि त्याच्या हवेत आपल्याकडे प्रामुख्याने समुद्रातले सूक्ष्म जीव बनवतात त्या वायूची चाहूल. तीच मोजमापं इतरांनी तपासली तर ती चाहूल त्यांना पटण्याजोगी दिसली नाही. मी प्रत्येकाला 'थांबा' असं उत्तर दिलं, जरा तोऱ्यातच. पण बातमी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते आणि दूध उतू गेलं.

कात्रण मामाच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात आहे, लॅमिनेट केलेलं, तांब्याच्या तारेच्या रिळांच्या वर. गेल्या दिवाळीत मी स्टूल ओढलं आणि म्हणाले, आज हे काढते. मामाने वर पाहिलंसुद्धा नाही.

"काढ की. पण मागची भिंत ओली आहे, तिथं काय लावणार ते आधी सांग."