पित्त पित्त म्हणत होतो, ते खरंच पित्ताचं निघालं

आमच्याकडं पोटात काहीही झालं तरी त्याचं नाव पित्त. मळमळलं पित्त, डोकं दुखलं पित्त. मला वर्षभरात तीनदा बरगड्यांच्या खाली मधोमध कळ आली आणि तिन्ही वेळा मी कोकम सरबत पिऊन आडवा झालो. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब लिहितो मी. सौद्यांच्या दिवसांत दुखणं काढायला कुणाला सवड असते?

चौथी कळ मात्र पाठीतून आरपार गेली. रविवार होता, पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी होऊन दोन तास झाले होते. मेहुण्यानं गाडीवर मागं बसवून दवाखान्यात नेलं आणि दसरा चौकापर्यंत एकच पालुपद लावलं, "दाजी, तिखट कमी करा म्हणून किती सांगायचं?"

तिखटाचा संबंधच नव्हता. रक्तात लायपेज, म्हणजे स्वादुपिंडातलं पाचक द्रव्य, १,१०० च्या वर गेलं होतं, लॅबच्या कागदावर कमाल मर्यादा ६०. स्वादुपिंडाला सूज आणि पित्ताशयात बारीक बारीक खडे. स्निग्ध खाल्लं की पित्ताशय आवळतं, तेव्हा एखादा खडा पित्ताच्या नळीत सरकतो आणि आतड्याच्या तोंडाशी अडकतो. स्वादुपिंडाची नळी तिथंच उघडते, म्हणून त्यालाही त्रास. म्हणजे दोष द्यायचाच तर रश्श्यातल्या खोबऱ्याला, काजूला आणि चरबीला द्यायला हवा. मेहुण्याला हे अजून पटलेलं नाही.

पाच दिवस सलाईनवर काढले. सूज उतरली, पण डोळ्यांतला पिवळेपणा हटेना. सोनोग्राफीच्या रिपोर्टात एक ओळ होती: नळीचा खालचा भाग गॅसमुळे दिसत नाही. मग एमआरसीपी केली, म्हणजे एमआरआयच्या यंत्रात पित्ताच्या नळ्यांचे फोटो. त्या बोगद्यात श्वास धरून पडून राहिलो आणि रिपोर्ट आला, नळीत खडा नाही. मला वाटलं सुटलो. आता पित्ताशय काढायचं आणि घरी जायचं. पण पोटाच्या डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं. "नळी फुगलेली आहे, ८ मिलिमीटर. बिलिरुबिनही, म्हणजे रक्तातला पिवळेपणा, उतरत नाही. एन्डोसोनोग्राफी करून बघू."

मी म्हटलं, पुन्हा सोनोग्राफीच ना? त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागं पेनानं पोट काढलं. बाहेरून बघताना मध्ये चरबी आणि आतड्यातला वारा येतो. वारा आला की आवाजाच्या लहरी पुढं जात नाहीत. म्हणून सोनोग्राफीचं यंत्रच दुर्बिणीच्या टोकाला बसवून तोंडावाटे आत न्यायचं. जठरातून स्वादुपिंडाचं धड आणि शेपूट दिसतं. जरा पुढं, आतड्याच्या सुरुवातीला गेलं की पित्ताची नळी अगदी शेजारी येते. एमआरसीपीतून निसटणारे तीन-चार मिलिमीटरचे खडे तिथून दिसतात. "मग थेट खडाच का काढत नाही?" मी विचारलं. तर म्हणाले, ज्या दुर्बिणीनं काढतात त्या ईआरसीपीनं स्वादुपिंडाला पुन्हा सूज येऊ शकते. खडा नसताना तो धोका कशाला घ्यायचा? आधी बघायचं, असला तरच हात घालायचा. हिशेबनीस माणसाला हे पटकन कळलं.

विम्याचं मात्र कळेना. नुसत्या तपासणीसाठी भरती असेल तर पैसे मिळत नाहीत, म्हणून विमा कंपनीनं विचारलं, ही तपासणी आहे की उपचार? आता खडा सापडेपर्यंत तपासणी आणि सापडल्यावर उपचार, हे फॉर्ममध्ये कुठल्या चौकोनात लिहायचं? दवाखान्यातल्या पोरीनं डॉक्टरांचं पत्र जोडलं, तेव्हा कुठं गाडी हलली.

आदल्या रात्री दहानंतर पाणीसुद्धा बंद. सकाळी सह्या झाल्या. रक्त पातळ करायची गोळी घेता का, कवळी आहे का, अंड्याची किंवा सोयाबीनची ॲलर्जी आहे का? अंड्याचं का विचारतायत ते सिरिंज बघून कळलं. भुलीचं औषध दुधासारखं पांढरंशुभ्र, त्यात सोयाबीनचं तेल आणि अंड्यातला घटक असतो म्हणे. मी म्हटलं, "मॅडम, गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध दिसतंय." त्या हसल्या. घशात कडू फवारा मारला, जीभ लाकडासारखी झाली. डाव्या कुशीवर वळवलं, दातांत प्लॅस्टिकची कडी दिली, नाकाला प्राणवायू. हाताच्या शिरेत थोडं चुरचुरलं. पुढचं आठवत नाही.

जाग आली तेव्हा खडा निघालेला होता. साधारण ४ मिलिमीटरचा, नळीच्या अगदी शेवटी बसलेला. त्याच भुलीत दुसरी दुर्बीण घालून नळीचं तोंड थोडं कापलं आणि फुग्यानं ओढून आतड्यात सोडला. पुन्हा सूज येऊ नये म्हणून एक औषध मागच्या वाटेनंही सारलं होतं, ते सौभाग्यवतींनी चारचौघांत मोठ्यानं सांगितलं. तिला खडा बघायचा होता. तो शौचावाटे जाणार म्हटल्यावर ती हिरमुसली. फायलीत फोटो आहे: काळ्या नळीत पांढरा ठिपका आणि त्याच्या मागं काळी सावली. खडा लहरी अडवतो, म्हणून सावली. एवढ्या ठिपक्यानं मला आठवडाभर लोळवलं होतं.

शेजारच्या खाटेवर गडहिंग्लजकडचे एक काका होते. त्यांच्या स्वादुपिंडाजवळ सूज उतरल्यावर पाण्याची मोठी गाठ झाली होती. महिनाभर थांबून तिची भिंत जाड होऊ दिली आणि मग याच यंत्रानं बघत बघत जठरातूनच भोक पाडून धातूची नळी बसवली. पोटावर एक टाका नाही. नळी तीन-चार आठवड्यांनी काढणार. काका आपलं पोट दाबून बघत होते, "आतल्या आत मोरी काढली की रं!"

तिसऱ्या दिवशी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. चार छोटी भोकं. घरी येताना मेहुण्यानं गंगावेशीत गाडी थांबवली. कट्ट्यावर म्हैस पिळणं चाललं होतं, फेस वर आलेला. मला पंधरा दिवस साय-तूप बंद. तो म्हणाला, "दाजी, तुमच्या नावानं पितो," आणि दोन पेले रिचवले. मी पिशवीतली फाईल मांडीवर घेऊन बसलो होतो.