हमीऱ्यातलं रेकॉर्डिंग

जोधपूर सोडलं की पोकरणपर्यंत रस्ता सरळसोट. बोलेरोच्या मागच्या सीटा काढून तिथे आमचा सगळा स्टुडिओ रचलाय: आठ चॅनलचा रेकॉर्डर, माइकच्या पेट्या, लिथियम बॅटरी आणि चार गोधड्या. जनरेटर मुद्दामच नाही. त्याची घरघर प्रत्येक टेकमध्ये शिरते.

मुक्काम हमीरा, जैसलमेरच्या अलीकडचं, मांगणियार या पिढीजात गायक-वादकांचं गाव. कमायचा हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य; ते वाजवणारे साकर खाँ इथलेच. २०१२ साली पद्मश्री मिळाली, पुढच्याच वर्षी गेले. मांगणियार मुसलमान, त्यांचे जजमान, म्हणजे गाण्याबद्दल धान्यापासून उंटापर्यंत बिदागी देणारे आश्रयदाते, बहुतेक राजपूत. जजमानाच्या घरच्या बारशा-लग्नाची गाणी यांच्याकडे पिढीजात.

कमायचा मुंबईच्या स्टुडिओत नेऊच नये, या मताला मी आलोय. आंब्याच्या लाकडाचा गोल कटोरा, वर बकऱ्याचं कातडं, मुख्य तारा आतड्याच्या. दमट हवेत कातडं सैलावतं, आवाज बसतो. शिवाय तिथे गायक एका काचेआड, ढोलकवाला दुसऱ्या, आणि कानात लय धरून ठेवणाऱ्या मेट्रोनोमची टिकटिक. इथे मंडळी गुडघ्याला गुडघा लावून बसतात. गायकाने भुवई उचलली की खडताल, हातातल्या लाकडी पट्ट्या, थांबतात!

म्हणून दोनच माइक, १७ सेंटिमीटर अंतरावर, ११० अंशांच्या कोनात. गायकाला पुढे घेतलं, ढोलक मागे सरकवली, झालं मिक्सिंग. मातीच्या भिंती आणि गवताचं छप्पर, त्यामुळे खोली घुमत नाही. गोधड्या दारातला वारा अडवायला लागल्या. रेकॉर्डिंग भल्या पहाटे, वारा उठायच्या आत. एका झकास टेकमध्ये बकरी ओरडलीय. ठेवलीय तशीच, तारांवर तिचाही हक्क आहेच.

खरी डोकेफोड संध्याकाळी, कागदांची. गाणं ऑनलाइन टाकताना संगीतकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ लिहिलं, की तीच चाल आधी चढवलेली एखादी कंपनी आपोआप दावा ठोकते आणि गाणाऱ्याचेच पैसे अडकतात. कायद्याने कलाकाराला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क आहे, पण तो सिद्ध करायला कागद हवा. आमच्या करारात मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कलाकारांचा, आम्ही फक्त प्रत ठेवतो.

आमच्यासाठी गाणाऱ्या म्हाताऱ्या खाँसाहेबांनी कागद उलटसुलट करून विचारलं, “इसमें जजमान कौन है?”

“सुननेवाले,” मी म्हटलं.

“तो ऊँट कौन देगा?”

सगळे हसले. नातवाने तोवर बँक खात्याचा नंबर भरलाही होता.