आमची वाटचाल: पीडीएफमधली मराठी पुन्हा लिहिती करताना

पीडीएफमध्ये अडकलेला मराठी मजकूर आम्ही पुन्हा दुरुस्त करता येईल, शोधता येईल, नव्याने छापता येईल अशा रूपात आणून देतो. कुणाला वर्डची फाइल हवी असते, कुणाला ई-पुस्तकाची, कुणाला नुसता युनिकोड मजकूर, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणूनच वाचता येणारा. आज हेच आमचं मुख्य काम आहे. सुरुवात मात्र पुण्यात नारायण पेठेत एका साध्या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावण्याच्या, दुकानाने झाली.

नव्वदच्या दशकाचा तो शेवट होता. खिळ्यांची छपाई आटोपत आली होती. आमच्याकडे आलेले पहिले ऑपरेटर आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवलेले कंपोझिटर होते. ओळीत मोकळी जागा कुठे जास्त पडली, जोडाक्षर कुठे फाकलं, हे त्यांना पडद्यावरही लांबून दिसायचं. माऊस हातात बसायला त्यांना वेळ लागला, पण पानाची शिस्त आम्हाला त्यांनीच लावली. पेजमेकर आणि कोरलड्रॉ या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर काम चालायचं. फॉन्ट बहुतेक श्रीलिपीचे, म्हणजे पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे. काही गिऱ्हाइकं सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला मजकूर आणायची, काही ‘आकृती’ नावाच्या सॉफ्टवेअरमधला, आणि विदर्भातून आलेला मजकूर हमखास कृतिदेव या फॉन्टमध्ये असायचा. पान लागलं की ट्रेसिंग पेपरवर आउटपुट काढायचं आणि प्रेसला पोचवायचं.

पुढे प्रेसवाले पीडीएफ मागू लागले. ॲडोबीने १९९३ साली आणलेला हा प्रकार आमच्यासारख्यांना फारच सोयीचा होता. पान जसं लावलं तसंच दुसऱ्याच्या यंत्रावर दिसणार, फॉन्ट पळणार नाही, ओळ तुटणार नाही. प्रेसमध्ये आमच्या पानाचं काय होईल ही धाकधूक संपली. आम्ही पीडीएफ करून देत राहिलो, प्रकाशक ती जपून ठेवत राहिले.

मग ई-पुस्तकांची मागणी आली, जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघू लागल्या, आणि प्रकाशक त्याच पीडीएफ घेऊन आमच्याकडे परत आले. पेजमेकरच्या मूळ फाइल सीडीवर होत्या आणि सीडी उघडत नव्हत्या. उघडल्या तर त्या फॉन्टचं डोंगल, म्हणजे फॉन्ट चालायला संगणकाला लावावी लागणारी किल्ली, हरवलेलं असायचं. हातात उरलेली एकच गोष्ट म्हणजे छपाईला पाठवलेली पीडीएफ. पडद्यावर सुरेख मराठी दिसायची. मजकूर निवडून वर्डमध्ये चिकटवला की मात्र इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांचा खच पडायचा.

असं का होतं, हे आम्ही प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला कागदावर लिहून दाखवतो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, कॅपिटल बी, एच असा असतो. या इंग्रजी अक्षरांच्या जागी फॉन्टने मराठी आकृत्या बसवलेल्या असतात, म्हणून आपल्याला ‘मराठी’ दिसतं. ‘भारत’ लिहायला कॅपिटल एच, मग दोनदा के, मग जे आणि आर. पहिला के हा भच्या उभ्या दांड्याचा, दुसरा कान्याचा. म्हणजे ज्याला आपण भ म्हणतो ते अक्षर त्या फाइलमध्ये एकसंध नसतंच, अर्धा भ आणि दांडा असे दोन तुकडे शेजारी ठेवलेले असतात. ‘किती’मधली पहिली वेलांटी कच्या आधी येते, कारण ती डावीकडे दिसते. ‘कीर्ती’मधला रफार सगळ्यांत शेवटी येतो, कारण तो उजवीकडे वर बसतो. फाइलमध्ये क्रम दिसण्याचा असतो, उच्चाराचा नसतो.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही आमच्या धंद्यात जुने फॉन्ट त्यानंतर वीस-वीस वर्षं चालले. त्यात ऑपरेटरांचा आळस नव्हता. पेजमेकरला युनिकोड कळायचंच नाही, आणि पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये मराठी जोडाक्षरं नीट लागण्याची सोय आली ती २०१२च्या सुमाराला. तोवर मराठीत जी हजारो पुस्तकं, दिवाळी अंक, अहवाल, स्मरणिका संगणकावर तयार झाल्या, त्यांतल्या फार मोठ्या भागाच्या फाइलमध्ये एकही मराठी अक्षर नाही. शोधायला गेलं तर सापडत नाही. मला हे आजही स्वस्थ बसू देत नाही. खिळ्यांवर छापलेलं पुस्तक निदान कागदावर तरी मराठी आहे, पण संगणकावर तयार झालेलं पुस्तक संगणकालाच वाचता येत नाही.

पहिली काही पुस्तकं आम्ही सरळ नव्याने टाइप करून दिली. मग आमच्याकडच्या प्रोग्रामिंग जाणणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याने प्रत्येक फॉन्टसाठी तक्ता तयार करायला घेतला. कुठल्या इंग्रजी खुणेमागे कुठली मराठी आकृती आहे, ते एकेक करून. तक्ता झाल्यावर खरं काम उरतं ते नियमांचं. वेलांटी उचलून व्यंजनाच्या नंतर न्यायची, पण पुढे जोडाक्षर असेल तर सगळं जोडाक्षर ओलांडून. ‘स्थिती’मधली वेलांटी स् आणि थ दोन्ही पार करते. रफार उलट व्यंजनाच्या आधी आणायचा आणि वाटेतले काना, मात्रा, अनुस्वार सांभाळायचे. मराठीतला ‘ऱ्या’मधला अर्धचंद्री र वेगळा धरायचा, नाही तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, डोंगरातून वाक्य थेट समुद्रात जातं आणि स्पेलचेकरला काहीही खटकत नाही. हिंदीसाठी बनवलेले कितीतरी फुकटचे कन्व्हर्टर नेमके इथे घसरतात. श्रीलिपीचे तर फॉन्टही अनेक आणि त्यांची मांडणीही एकसारखी नाही, त्यामुळे एक तक्ता सगळ्यांना चालत नाही. आमचे तक्ते आजही वाढत आहेत.

युनिकोडमध्ये केलेली पीडीएफ आली की लोकांना वाटतं, आता काय, नुसतं कॉपी करायचं. तसं होत नाही. पीडीएफमध्ये शब्द साठवलेले नसतात, कुठली आकृती पानावर कुठे ठेवायची एवढंच साठवलेलं असतं. आकृतीवरून अक्षराकडे परत जाण्याचा नकाशा फाइलमध्ये असला तर असतो, आणि मराठीत तो बऱ्याचदा अपुरा असतो. म्हणून ‘विद्यार्थी’ कॉपी केल्यावर रफार गळतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, शब्दाच्या मध्येच मोकळी जागा पडते. या फाइल दिसायला सोप्या आणि करायला किचकट असतात. दर सांगताना आम्ही हे आधीच बोलतो.

स्कॅन केलेल्या पुस्तकांसाठी ओसीआर वापरतो, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारी यंत्रणा. टेसरॅक्ट ही मुक्त प्रणाली मराठी वाचते, आणि २०१८ साली आलेल्या तिच्या चौथ्या आवृत्तीपासून तिचं वाचन पुष्कळच सुधारलं. पण स्कॅन चांगलं हवं. ३०० डीपीआयपेक्षा, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांपेक्षा, कमी असेल तर आम्ही पुस्तक पुन्हा स्कॅन करायला मागून घेतो. जुन्या छपाईत शाई पसरलेली असते, मात्रा तुटलेल्या असतात, पातळ कागदावर मागच्या पानाची अक्षरं उमटतात. मग घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत गफलत होते, ‘ख’चे ‘र’ आणि ‘व’ होतात, आणि अनुस्वार तर धुळीच्या ठिपक्यासारखा पुसला जातो. शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली बदलले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘घरांत’, ‘कांही’ असे अनुच्चारित अनुस्वार सर्रास असतात. ते ठेवायचे की काढायचे, हे आम्ही ठरवत नाही. प्रकाशकाकडून किंवा संपादकाकडून लेखी घेतो. आमचं मत विचारलं तर सांगतो की मूळ जसं आहे तसं एकदा पूर्ण उतरवून घ्या, बदल त्यानंतर वेगळ्या प्रतीत करा.

कुठलीही फाइल वाचल्याशिवाय आमच्याकडून बाहेर जात नाही, यावर आम्ही पहिल्यापासून ठाम राहिलो. दर परवडत नाही म्हणून कामं गेलीही. वाचन जोडीने होतं. एक जण मूळ छापील पान मोठ्याने वाचतो, विरामचिन्हांसकट: “अवतरण सुरू, काय रे, स्वल्पविराम, कुठे होतास, प्रश्नचिन्ह, अवतरण पूर्ण.” दुसऱ्याची नजर पडद्यावर. दुपारी आमच्या खोलीत शिरलात तर हाच सूर ऐकू येईल. नीट वाचणारी माणसं मिळणं कठीण असतं. आमच्या वाचणाऱ्यांत निवृत्त मराठीच्या शिक्षिका आहेत, मुद्रितशोधनात केस पांढरे झालेले एक काका आहेत. एकदा ते वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, “हा लेखक ‘परंतु’ लिहीतच नाही, हा ‘पण’ असणार.” मूळ पान काढून पाहिलं, तर शाईच्या डागाखाली ‘पण’च होतं.

आकड्यांच्या तक्त्यांचं काम वेगळ्याच जातीचं. पतसंस्थांचे आणि गृहनिर्माण संस्थांचे अहवाल येतात. पीडीएफमध्ये सहसा तक्ता म्हणून काही नसतं, रेघा असतात आणि ठरावीक जागी आकडे असतात. रकाना सरकला की ठेवींचा आकडा कर्जात जाऊन बसतो. म्हणून एक्सेलमध्ये प्रत्येक रकान्याची बेरीज नव्याने करून छापील बेरजेशी ताडून पाहतो. जमली नाही तर शोधायचं, जमली तरी नावं आणि तारखा वेगळ्या वाचायच्या.

दृष्टिहीन वाचकांसाठीच्या कामाने आमची नजर बदलली. जुन्या फॉन्टमधली पीडीएफ स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, इंग्रजी अक्षरं म्हणून वाचतो. आमच्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याने त्याच्या अभ्यासाचं पुस्तक आम्हाला मोबाइलवर ऐकवलं, त्यात एकही शब्द मराठी नव्हता. त्यातलं एक प्रकरण आम्ही युनिकोडमध्ये करून दिलं, शीर्षकांना शीर्षकाची शैली दिली, तळटिपा प्रकरणाच्या शेवटी नेल्या, आणि त्याने ते पहिल्यांदा सलग ऐकलं. अशा वाचकांसाठी सुगम प्रत करायला २०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात मुभा आहे, आणि दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला मान्यता देणारा भारत २०१४ साली पहिला देश ठरला. या कामाला आम्ही वेगळा, कमी दर लावतो. इतर पुस्तकांसाठी हक्क कुणाचे आहेत ते विचारतो. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात, त्यांची संमती नसेल तर काम घेत नाही.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नवी साधनं आली आहेत. आम्ही ती वापरतो, आणि फिकट पानांवर ती खरोखर चांगली चालतात. त्यांचा धोका निराळा आहे. जुना ओसीआर चुकला की शब्द मोडका दिसायचा, चटकन पकडता यायचा. नवं साधन न दिसलेल्या जागी शोभेल असा शुद्ध शब्द घालून मोकळं होतं, कधी आख्खी ओळ. नुसता पडदा वाचून ही चूक सापडत नाही, मूळ पान शेजारी लागतंच. म्हणून या साधनांमुळे आमचं टायपिंग घटलं, वाचन तेवढंच राहिलं.

काम द्यायला येताना एवढं करा. आधी मूळ पेजमेकर किंवा इनडिझाइनची फाइल कुणाकडे आहे का ते शोधा, ती मिळाली तर तुमचा खर्च बराच वाचेल. ती नसेल तर पीडीएफ उघडून प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी पाहा आणि ती नावं आम्हाला कळवा. यादी रिकामी असेल तर पानं स्कॅन केलेली आहेत किंवा अक्षरांची नुसती रेषाचित्रं केलेली आहेत असं समजा, आणि छापील प्रत सोबत आणा. करारनामे, वैद्यकीय कागद किंवा सभासदांच्या याद्या असतील तर त्या फुकटच्या ऑनलाइन कन्व्हर्टरवर आधी चढवून पाहू नका. एक-दोन पानांचा साधा अर्ज असेल तर मात्र बसून टाइप करून घ्या, त्यासाठी आमच्याकडे यायची गरज नाही.