तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतं काय?

"एमआरआय तर नॉर्मल आला ना? मग दुखतं काय नक्की?" सहा वर्षं कंबरदुखी सोसतेय आणि सहा वर्षं या प्रश्नावर "चालायचंच" म्हणून वेळ मारून नेतेय. आता एकदा नीट सांगते.

दुखतं कंबरेतच. पण ते दुखणं आता मेंदू चालू ठेवतोय. एवढं म्हटलं की समोरून येतं, "म्हणजे मनाचंच की!" नाही हो. मेंदू हा शरीराचाच अवयव आहे. 2012 मध्ये शिकागोच्या संशोधकांनी नुकतीच कंबरदुखी सुरू झालेल्या माणसांचे मेंदू वर्षभर पुन्हा पुन्हा स्कॅन केले. काहींचं दुखणं गेलं, काहींचं मुक्कामाला राहिलं. ज्यांचं राहिलं, त्यांच्या मेंदूचा पुढचा भाग आणि खोलवरचा न्यूक्लिअस अॅक्युम्बन्स (प्रेरणा, बक्षीस यांच्याशी जोडलेला एक छोटा भाग) यांचं संधान पहिल्या स्कॅनपासूनच जास्त घट्ट होतं. पुढच्या वर्षी त्याच गटाने दाखवलं की दुखणं जुनं होताना मेंदूतली जागाही बदलतं, भावनांच्या जाळ्यात सरकतं. हे वाचलं त्या दिवशी मी खूप रडले. कुणीतरी माझं ऐकलं होतं.

पण त्याआधीची एक संध्याकाळ आठवते; तेव्हा यातलं काही मला माहीत नव्हतं. पुतण्याबरोबर जमिनीवर बसून जिगसॉचं चित्र जुळवत होते. आभाळाचे तुकडे, सगळे सारखेच निळे. शेवटचा तुकडा बसला तेव्हा दीड तास होऊन गेला होता. दीड तास मला कंबर आहे याचंच भान नव्हतं. उठायला गेले आणि अशी कळ आली की एक गुडघा टेकलेला, हात खुर्चीच्या पायाला, तशीच अडकले. पोरगं म्हणालं, "काकू, ओढू का तुला?" जाऊबाई दारात उभ्या होत्या. आवाजही चढवला नाही त्यांनी. "खेळताना बरं नाही दुखलं."

राग आला, पण त्यांचा नाही. तो प्रश्न माझ्याही मनात होता. खरंच दुखत असतं तर बसवलं असतं का इतका वेळ? रात्रभर स्वतःचीच उलटतपासणी घेतली. आज सांगू शकते की लक्ष गुंतलं की मेंदू खालून येणारे संदेश पाठीच्या कण्यातच थोपवू शकतो. दुखणं थांबलं म्हणून ते खोटं ठरत नाही. पण आईची मान दुखायची तेव्हा "टीव्ही बघताना बरी दुखत नाही" असं मीच म्हणाले होते. आई गप्प बसली होती. ते कुठल्या संशोधनाने पुसायचं?

आणि लक्ष गुंतवून कमी होतं, तर ज्या दिवशी ते गुंतत नाही त्या दिवशीचं दुखणं माझ्या खात्यावर मांडायचं का? मला वाटतं, नाही. कधी कधी वाटतं, हो. फिजिओथेरपिस्ट म्हणते, हालचाल थोडी थोडी वाढवा, धोका नाही हे मेंदूला पटू द्या. वाढवतेय. काही दिवस पटतं त्याला, काही दिवस नाही.

पुतण्याने नवं चित्र आणलंय. या वेळी टेबलावर मांडू म्हणतोय. मी हो म्हटलंय; फक्त दिवस असा निवडलाय की जाऊबाई घरी नसतील.