ताप आणि कीटोन
लेकीला सकाळपासून ताप, त्यात उलटी. टाइप १ मधुमेह असल्यामुळे लगेच रक्तातली साखर बघितली, २८० च्या वर. मग लघवीची पट्टी काढली. बुडवायची, १५ सेकंद थांबायचं, डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचं. गुलाबी झाली, म्हणजे कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) होते. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितला तेवढा इन्सुलिनचा जादा डोस दिला आणि घोटघोट पाणी पाजत राहिले.

सासूबाई म्हणाल्या, "पोटात अन्न नाही, मग इन्सुलिन कशाला?" काळजीपोटीच म्हणाल्या त्या. पण आजारपणात इन्सुलिन बंद केलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि कीटोन झपाट्याने वाढतात. हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवंच! रक्तातले कीटोन ३ मिलिमोल प्रति लिटरच्या वर गेले तर थेट हॉस्पिटल गाठायचं. संध्याकाळी नव्या पट्टीचा रंग बदलला नाही, म्हणजे कीटोन गेले होते. आता पेज मागतेय, मेतकूट घालून.